फरशीवरची मेलेली झुरळं

आमच्या घराची आणि आमच्या हॉटेलाची एक भिंत सामाईक होती. अलीकडे आमची चूल, पलीकडे हॉटेलाची भट्टी. आमच्या मुरूम गावच्या बाजाराच्या दिवशी भट्टी उजाडायच्या आत पेटायची आणि भिंत आमच्या बाजूनेही इतकी तापायची की थंडीत मी तिला पाठ लावून कविता पाठ करत बसायची. हॉटेल म्हणजे काही बाकडी, एक काचेचं कपाट आणि कढईसमोर उभे असलेले आमचे वडील, आप्पा. बाजारकरू सकाळी चहा पिऊन जात, माल विकून झाला की भजी आणि चिवडा खायला येत. आप्पांचा झारा कढईच्या काठावर आपटला की घाणा निघाला असं आम्ही घरात बसून ओळखायचो. करडईच्या तेलाचा वाफारा छपराखालच्या झरोक्यातून आमच्याकडे यायचा आणि सावकाश भिंतीवर बसायचा. ती भिंत वरच्या बाजूला तपकिरी झाली होती आणि बोट लावलं तर बोट चिकटायचं. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे. हॉटेलवाल्याच्या घरची भिंत अशीच असायची, असं आम्ही धरून चाललो होतो.

आईला आम्ही अव्वा म्हणायचो. कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या पुष्कळ घरांत तसंच म्हणतात. अव्वाला स्वच्छतेचं वेड होतं, आणि हे मी कौतुकानेही म्हणते आणि वैतागानेही. सकाळी उठल्याबरोबर ती चुलीला पोतेरं फिरवायची. बाजाराच्या आदल्या दिवशी चुलीमागची भिंत कमरेइतकी शेणमातीने सारवून काढायची. तिच्या बोटांची अर्धगोल नक्षी त्या भिंतीवर ओळीने उमटलेली असे आणि गल्लीतल्या बायका ती बघायला मुद्दाम आत डोकवायच्या. शुक्रवारी फडताळाच्या फळ्यांना तेलाचा बोळा फिरायचा, म्हणजे लाकडाला कीड लागत नाही. न सारवलेल्या चुलीवर शिजवलेलं अन्न तिच्या लेखी शिळं असायचं. त्याच चुलीवर ती येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पुडीची, आमटी करायची, तिच्या वासाने शाळेतून येताना माझे पाय आपोआप उचलले जायचे. माझी नातसून परवा विचारत होती, की शेणाने सारवलेल्या घरात तुम्ही जेवत कसे होता. मी तिला म्हटलं, पोटभर.

अण्णाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं, लग्न आळंदच्या मुलीशी झालं. आळंद आमच्यापासून बैलगाडीने दिवसाच्या आत गाठता यायचं, पण मध्यंतरी राज्यांची फेररचना झाली आणि ते दुसऱ्या राज्यात गेलं. वहिनीचं माहेर असं बसल्याजागी परमुलखात गेलं, याची घरात बरेच दिवस थट्टा चालायची. वहिनीचं नाव शांतव्वा. बोलायची कमी, कारण तिचं मराठी कच्चं होतं आणि आम्ही हसतो हे तिला कळायचं. मी तिच्यापेक्षा लहान होते, शाळेत जात होते, तरी नणंद म्हणून ती मला अक्का म्हणायची आणि तुम्ही म्हणून बोलायची. मला त्याचा फार अभिमान वाटायचा. तिचे वडील शाहाबादी फरशीच्या गाड्या भरत. त्यांनी लेकीबरोबर एक लाकडी पेटी दिली आणि एक गाडीभर फरशी. फरशी मागच्या खोलीत बसवली, जमिनीवर, आणि उरलेली भिंतीला कमरेइतकी उभी लावली. ती खोली अण्णा-वहिनीची. कोपऱ्यात घरच्या पाण्याचा रांजण होता, कारण दगडावर पाणी गार राहायचं. दोनतीन फरश्या तरीही उरल्या, त्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या.

वहिनीला फरशी सारवणं पटेना. पहिल्याच आठवड्यात अव्वाने तिच्या खोलीत शेणाची बादली नेऊन ठेवली, तेव्हा ती म्हणाली, "अत्याबाई, दगडाला शेण कशाला? राख लावून घासली की पुरतंय." आणि तिने खरोखरच राख आणि कढत पाणी घेऊन ती फरशी घासली, निळसर करडा रंग वर येईपर्यंत. अव्वा बादली उचलून घेऊन गेली, आणि तिच्या चालण्यावरून मला कळलं की हे तिच्या लक्षात राहणार आहे.

झुरळं आमच्याकडे आधीही असणारच. अंधारात उडणारी मोठी, काळपट झुरळं मला आठवतात, त्यांना चप्पल दाखवली की काम भागायचं. पण वहिनी आली त्या वर्षी बारकी, पिवळट रंगाची झुरळं दिसायला लागली, आणि ती एकेकटी नसत. पिठाचा डबा हलवला की खालून पसरायची. पाट उचलला की पसरायची. वहिनी त्यांना तिच्या भाषेत जिरळी म्हणायची. एके दिवशी आडत दुकानातले एक काका आमच्याकडे भजी खायला बसले. त्यांच्या शेंगाच्या चटणीत एक झुरळ निघालं. माणूस भला. त्यांनी आरडाओरडा केला नाही, बशी हळूच बाजूला सारली, हात धुतले आणि निघून गेले. पुढच्या बाजाराला मात्र ते आले नाहीत, आणि त्यांच्याबरोबर बसणारेही आले नाहीत. चटणी घरात कुटली जायची, अव्वाच्या हाताने. हॉटेलाची अब्रू गेली ती तिच्या चुलीवरून गेली होती, आणि हे तिला सोसणं शक्य नव्हतं. तिसऱ्या दिवशी वहिनी पाणी भरत असताना, तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "आमच्याकडं असली किडं नव्हती बाबा. ह्या पेटीतून आल्यात."

पेटीचा संशय अगदीच निराधार होता असं मला आजही म्हणवत नाही. झुरळं पेट्यांतून, पोत्यांतून प्रवास करतात, पुढे शिक्षिका झाल्यावर वर्गात मीच हे मुलांना सांगत आले. पण आमच्या हॉटेलात रोज सोलापूरहून, उमरग्याहून पोती येत होती, गुळाच्या ढेपी येत होत्या. त्यांच्याकडे कुणाचं बोट वळलं नाही. घरात नवीन आलेली वस्तू म्हटली की सगळ्यांना सूनच आठवत होती.

त्या दिवसांत मलेरियाचे फवारणीवाले गावोगाव फिरत. पाठीला पंप, डोक्याला फडकं, आणि दारावर खडूने काहीतरी लिहून जायची सवय. आमच्या गल्लीत हमीदभाई यायचे. ते मुरूमचेच, त्यांचे वडील आप्पांच्या ओळखीचे. एरवी अव्वाने परक्या माणसाला चुलीपाशी येऊ दिलं नसतं. त्या वर्षी तिने स्वतः हाक मारली. "या, आत या. डासाचं ऱ्हाऊ द्या, ह्या किड्यावर मारा." हमीदभाईंनी बाहेर चपला काढल्या आणि चुलीमागची भिंत वरपासून खालपर्यंत भिजवली. मग फडताळ, मग मागची खोली, तिथली उभी फरशी, टेकवून ठेवलेल्या फरश्यासुद्धा. डीडीटीचा तो वास माझ्या नाकात अजून आहे, ओल्या चुन्यासारखा आणि थोडा गोडसर. जाताना ते सगळ्यांनाच सांगत तेच त्यांनी सांगितलं, "अव्वा, यावर सारवायचं न्हाय, पुसायचं न्हाय. आमी परत येईपर्यंत असंच ऱ्हाऊ द्या." अव्वा म्हणाली, "बरं बाबा." गल्लीतल्या सगळ्याच बायका बरं म्हणायच्या.

फवारा वाळला तशी भिंतीवर पांढरे ओघळ उठले. अव्वाची ती नक्षीची भिंत कोड फुटल्यासारखी दिसायला लागली. तिने दोन सकाळी कळ काढली. तिसऱ्या सकाळी बाजाराचा आदला दिवस होता. तिने शेणमाती कालवली आणि भिंत सारवून घेतली, नेहमीपेक्षा जाड, ओघळ दिसू नयेत म्हणून. शुक्रवारी फळ्यांना तेलाचा बोळा फिरला. यात औषधाचा अपमान करावा असं तिच्या मनात नव्हतं. तिच्या हिशेबाने विष एकदा भिंतीला पाजलं की ते भिंतीत मुरून बसतं आणि आतून काम करतं, लिंपलेल्या घरात ऊब राहते तसं. गल्लीतल्या कितीतरी घरांत हेच चाललं होतं आणि डास थोडेफार कमी झाल्यामुळे कुणाला त्यात चूक दिसली नाही.

फवारणीनंतरच्या सकाळपासून मागच्या खोलीत मेलेली झुरळं सापडायला लागली होती. रांजणाभोवती, उभ्या फरशीच्या बुडाशी, पेटीच्या पायांपाशी, सगळी पाठीवर पडलेली. वहिनी ती झाडून सुपात घ्यायची आणि उकिरड्यावर टाकायची. पहिल्या दिवशी सगळ्यांना बरंच वाटलं. पण दिवस गेले तरी तिच्या खोलीत मढी पडतच राहिली, आणि स्वयंपाकघरात एकही मेलेलं दिसेना. तिथली मजेत होती. मग एका सकाळी वहिनी सूप घेऊन अंगणातून चालली असताना अव्वाने तिला थांबवलं, सूप हातात घेतलं आणि शेजारणीला दाखवलं. "बघा. समदी हिच्याच खोलीत निघत्यात. माझ्या चुलीपाशी एक तरी मेलंय का? पेटीतनं निघत्यात अन् तिथंच मरत्यात." शेजारीण व्हय व्हय म्हणाली. वहिनीला सगळे शब्द कळले नसतील, पण पेटी हा शब्द कळला. तिने सूप परत घेतलं नाही. तशीच आत गेली.

हा पुरावा कुणालाही पटावा असाच होता. मलाही पटला. जिथे मढी तिथे घर, याहून सरळ काय असणार? अण्णालाही पटला असावा, किंवा पटला नसेल तरी तो बोलला नाही. माझा भाऊ कढईसमोर उभा राहून दिवसभर शब्द न बोलता काम करू शकायचा, आणि घरात वाद निघाला की तो कढईसमोरच सापडायचा. आप्पा एवढंच म्हणाले, "पेटी उन्हात टाका की." वहिनीने पेटी अंगणात ओढली, लुगडी झटकली, तळाचा कागदही काढून दाखवला. पेटीत काही निघालं नाही. "उजेडात कशाला बसतील," अव्वा म्हणाली. आणि मग आवाज न चढवता, भाकरी थापता थापता म्हणाली, "हिचा पायगुणच तसला हाय." तो शब्द घरात पडल्यावर मग प्रश्न झुरळांचा उरला नाही, वहिनीचा झाला.

पहिली पंचमी माहेरी, या रीतीने वहिनीचा भाऊ तिला न्यायला आला. अव्वाने त्याला पोटभर जेवू घातलं, कडक भाकरीची चळत बांधून दिली, आणि गाडी जुंपल्यावर सांगितलं, "पेटी संगं घेऊन जावा. अन् आमी सांगावा धाडल्याबिगर आणून सोडू नका." तो चपापला. त्याने अण्णाकडे पाहिलं. अण्णा बैलाच्या गळ्यातली घुंगुरमाळ सारखी करत होता. आमच्या भागात या वाक्याचा अर्थ लहान मुलालाही कळायचा. ज्यांना असा सांगावा वर्षानुवर्षं आलाच नव्हता अशा दोघीतिघी बाया आमच्याच गल्लीच्या माहेरवाशिणी होत्या, भावजयांच्या घरात खाली मान घालून शेण थापणाऱ्या. वहिनी गाडीत पेटीवर बसली आणि मला म्हणाली, "अक्का, रांजणात पाणी भरलंय." गाडी वळेपर्यंत मी दारात उभी होते. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि त्याचं काय करायचं हे कळत नव्हतं.

अण्णा हॉटेलातच बाकड्यावर निजायला लागला आणि मागची खोली मला मिळाली. नेमाने मीच ती झाडायची. आणि झाडताना माझ्या लक्षात आलं की सुपात झुरळं तशीच येत आहेत, रांजणाभोवती, फरशीच्या बुडाशी, पाठीवर पडलेली. पेटी तर गेली होती. पेटीची मालकीणही गेली होती. आधी मला वाटलं, मागे राहिलेली असतील. पण ती संपेनात. मी अव्वाला सांगितलं तर ती म्हणाली, "बी ऱ्हायलं असंल." तिचं बोलणं मला खरं तर खोडून काढता आलं नसतं, पण त्या दिवशी संध्याकाळी मी दिवा घेऊन तांब्याभर पाणी आणायला मागे गेले आणि उंबऱ्यावर थबकले. स्वयंपाकघराच्या दाराखालच्या फटीतून एक झुरळ निघालं, भिंतीच्या कडेने सरळ रांजणाकडे गेलं, ओलीपाशी थांबलं. त्याच्यामागून दुसरं आलं. जेवायला चुलीपाशी आणि पाण्याला रांजणापाशी, असा त्यांचा रोजचा रस्ता होता. ती राहत होती अव्वाकडे आणि मरत होती वहिनीकडे.

पुढे शास्त्र शिकवताना मी मुलांना नेहमी सांगायची, की एखादी गोष्ट जिथे दिसते तिथेच ती आहे असं समजू नका. हे वाक्य मी पुस्तकातून घेतलेलं नव्हतं. तेव्हा मात्र मला एवढंच कळलं होतं, की एकच पंप, एकच औषध, एकाच दिवशी मारलेलं, आणि ते दगडावर मारतंय आणि भिंतीवर मारत नाही. मी धीर करून दुसऱ्या दिवशी पिठाच्या डब्याखालून दोन झुरळं पेल्यात पकडली. एक मागच्या खोलीत टेकवलेल्या फरश्यांपैकी एक आडवी करून तिच्यावर सोडलं आणि वर पिठाची चाळण पालथी घातली. दुसरं स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या फळीवर सोडलं आणि त्याच्यावर हॉटेलातली शेवेची चाळण पालथी घातली. आणि शाळेला निघून गेले. शाळेत काय शिकवलं ते मला आठवत नाही.

संध्याकाळी मी आप्पांना हाताला धरून आणलं. त्यांच्या अंगाला भज्यांचा वास होता आणि खांद्यावर पंचा. फरशीवरचं झुरळ पाठीवर पडून पाय झाडत होतं. फळीवरचं झुरळ मिशा हलवत चाळणीच्या कडेने फेऱ्या मारत होतं. आप्पा वाकले, फळीवरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं. बोटावर तेल होतं, तेलात पीठ होतं, आणि कुठे कुठे पांढरट चिकटा. "औषध तेलात बुडलंय," ते म्हणाले. मग त्यांनी भिंतीला बोट लावलं. "अन् हिकडं शेणाखाली." त्यांना अजून काहीतरी बोलायचं होतं, पण मागे अव्वा उभी होती.

औषधाचं काम असं असतं, की ते किड्याच्या पायाला लागावं लागतं. स्वच्छ दगडावर ते कोरडं, मोकळं पडून राहतं आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाला लागतं. मातीची भिंत ते पिऊन टाकते. तेलाच्या थरात ते बुडून जातं, पिठात मिसळलं तर पातळ होऊन जातं, आणि वरून सारवलं तर मग बोलायलाच नको. आता ते औषध घरात कुणी मारत नाही, आणि ते बरंच झालं, कारण आमच्या घरातला तो पांढरा थर आमच्याही पायांना लागतच होता. पण हल्ली माझा मुलगा झुरळाचं औषध टाकायला माणूस बोलावतो तेव्हा तो माणूसही आधी ओटा तेलकट आहे का ते बघतो, आणि मला दरवेळी आमची सामाईक भिंत आठवते.

अव्वाने दोन्ही चाळण्या बघितल्या. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता मार बसणार, कारण पिठाच्या चाळणीखाली झुरळ ठेवणं हा आमच्या घरात साधा गुन्हा नव्हता. ती म्हणाली, "माझी भिंत घाण हाय म्हणता व्हय तुमी बापलेक?" आप्पा म्हणाले, "घाण न्हाय गं. लई सारवलीया." तिने चाळण घासायला घेतली आणि ती बराच वेळ घासत राहिली.

दुसऱ्या सकाळी मी उठले तेव्हा चुलीला पोतेरं फिरलेलं नव्हतं. तसं मी जन्मात पहिल्यांदाच पाहत होते. चुलीवर धुण्याच्या सोड्याचं पाणी उकळत होतं आणि अव्वा पदर खोचून, उलथनं घेऊन भिंत खरवडत होती. मी मदतीला गेले तर म्हणाली, "लांब ऱ्हा." वर्षानुवर्षांचे थर होते ते. शेण, माती, तेल, धूर, पुन्हा शेण. वाळक्या भाकरीसारखे पापुद्रे सुटून खाली पडत होते. मध्यावर, भट्टीची ऊब सगळ्यात जास्त लागायची तिथे, थर भिंतीपासून सुटून पोकळ झाला होता. तिथे उलथनं घातलं आणि एक मोठा पापुद्रा निखळून आला. त्याच्यामागची भिंत हलत होती. इतकी झुरळं मी त्याआधी आणि त्यानंतरही कधी पाहिली नाहीत. ती पिवळी, बारकी, आणि मध्ये मध्ये अंड्यांच्या पुडक्या गव्हाच्या दाण्यांसारख्या चिकटलेल्या. ती अव्वाच्या हातावरून, पदरावरून पळाली. अव्वा मागे सरली नाही. पापुद्र्याच्या वरच्या बाजूला तिच्या बोटांची नक्षी होती आणि ती तिच्याकडे बघत राहिली.

"इथंच हाईत की," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण इतका बारीक मी तो कधी ऐकला नव्हता.

त्या दिवशी चूल उशिरा पेटली. दुपारपर्यंत भिंत खरवडून, सोड्याने धुऊन झाली आणि मूळची पांढरी माती दिसायला लागली. अण्णा जेवायला आला, तेव्हा अव्वाने त्याच्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, "उद्या आळंदला जा. तिच्या बापाला म्हणावं, चुलीमागं लावायला फरशी पायजे." अण्णा मान खाली घालून जेवत होता. अव्वा चुलीकडे वळली, लाकूड आत सारलं आणि पाठमोरीच म्हणाली, "अन् ती बसवायची कशी, घासायची कशी, ते तिला ठावं हाय. तिला घेऊनच ये." अण्णाने मान वर केली. ताटातली भाकरी तशीच टाकून तो गाडीवानाकडे गेला, आणि मी मागच्या खोलीत जाऊन रांजणाआड बसून रडले.

वहिनी फरशीच्या गाडीवर बसून आली. केसांवर दगडाची भुकटी, हातात भाकरीची दुरडी. ती अव्वाच्या पाया पडली. अव्वाने गाडीत वाकून पाहिलं आणि विचारलं, "पेटी?" वहिनी म्हणाली, "तिकडंच ऱ्हाऊ द्या, अत्याबाई." चुलीमागे फरशी बसली, राखेने घासली, मग हमीदभाई आले आणि त्यांनी फवारलं, आणि त्या ओघळांना पुढे कुणी हात लावला नाही. झुरळं हळूहळू कमी झाली. अगदी संपली असं मी म्हणणार नाही. आडत दुकानातले काका दिवाळीच्या सुमाराला परत येऊन बसायला लागले आणि त्यांनी चटणी मागून घेतली. तेवढ्यात अव्वाने अण्णाला पुन्हा आळंदला पाठवलं, फक्त पेटीसाठी. पेटी आली तेव्हा ती म्हणाली, "मागं नगं. हितं, चुलीपाशी ठिवा. माझ्या नजरंसमोर बरी." यात माया होती, हे मला माहीत आहे. वहिनीला त्यात काय ऐकू आलं, ते मला माहीत नाही. अव्वाने माफी मागितली नाही. सासूने सुनेची माफी मागायची, हे तिने कुठे पाहिलेलंच नव्हतं.

दर सोमवारी वहिनी ती पेटी अंगणात काढायची. झाकण उघडायची, एकेक लुगडं उलगडून झटकायची, तळाचा कागद काढून पेटी उन्हाकडे तिरपी करायची. तिला तसं करायला कुणीही सांगितलेलं नव्हतं. सुरुवातीला अव्वा म्हणायची, "कशाला गं रोजरोज, ऱ्हाऊ दे." वहिनी "व्हय अत्याबाई" म्हणायची आणि पुढच्या सोमवारी पुन्हा पेटी काढायची. तिची मुलं मोठी झाली, हॉटेल बंद झालं, सामाईक भिंत पाडून तिथे विटांची आली. अव्वा गेली, तेव्हा शेवटचे सगळे महिने तिचं वहिनीनेच केलं आणि मायेनं केलं.

अव्वाला जाऊन बरीच वर्षं झाल्यावर मी एकदा मुरूमला गेले होते. घरात लोखंडी कपाटं आली होती. सोमवार होता. वहिनीचे गुडघे धरलेले, तरी तिने नातवाकडून पेटी अंगणात ओढून घेतली आणि झाकण उघडलं. मी तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, "वैनी, आता कुणाला दाखवायचंय?"

तिने एक जुनं इरकली लुगडं झटकलं, उन्हात धरून त्याच्या घड्या नीट न्याहाळल्या आणि मग म्हणाली, "कुणाला न्हाय, अक्का. माझं मलाच बघावं वाटतंय."